ऊर ते रिद्धपूर : दोन आद्य कवयित्री

इतिहासाचे पुस्तक उघडले की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांचीच गर्दी दिसते. साहित्याचा इतिहास उघडावा, तर तेथेही पहिल्या पानापासून पुरुषांची नावे. त्यामुळे बायकांनी फार तर जात्यावर ओव्या म्हटल्या असतील, ग्रंथ मात्र पुरुषांनीच रचले, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. हा समज खरा नाही. आपले नाव आपल्याच रचनेत गुंफणारी, जगाला ठाऊक असलेली सर्वांत जुनी साहित्यकर्ती ही एक स्त्री होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती इराकमधील ऊर या प्राचीन शहराची पुजारीण. आणि आपल्या मराठीत, ज्ञानेश्वरी पूर्ण होण्याच्या सुमारे तीन वर्षे अगोदर, विदर्भातील रिद्धपूर या गावी एका विधवा बाईने रचलेली गीते आजही उपलब्ध आहेत. पहिलीचे नाव एन्हेदुआन्ना. दुसरीचे महदाइसा ऊर्फ महदंबा.

या दोघींची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोघींची श्रद्धा वेगळी, काळ वेगळा, परिस्थिती वेगळी. त्यांची उपासना त्यांच्यापाशी. आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एकच प्रश्न विचारणार आहोत : त्या काळी हजारो बायका गात होत्या, बोलत होत्या, त्यांचे शब्द हवेत विरून गेले. मग या दोघींचेच शब्द नावासह कसे शिल्लक राहिले?

आपल्या किनाऱ्यावरची अक्षरे

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. मराठी अक्षरांच्या आरंभीच्या खुणा शोधायच्या तर आपल्याच जिल्ह्यात याव्या लागतात. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो. आपल्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे सापडलेला ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. मराठीतील आरंभीच्या लेखांत त्यांची गणना होते. श्रीवर्धन म्हटले की पेशव्यांचे मूळ गाव, जंजिऱ्याच्या सिद्दींचा अंमल, हरिहरेश्वराची वाट या गोष्टी सर्वांच्या तोंडी असतात. पण मराठी भाषेच्या जन्मपत्रिकेतले एक पान आपल्या शेजारच्या गावात निघाले, हे किती मुलांना ठाऊक आहे?

मात्र या लेखांत असते काय? दान, देणे-घेणे, साक्षीदार. जगभर असेच झाले आहे. माणसाने लिहायला सुरुवात केली ती कविता करण्यासाठी नव्हे, हिशेब ठेवण्यासाठी. ज्या गावात हा ताम्रपट कोरला गेला, त्या गावात त्याच वर्षी लग्ने झाली असतील, पाळणे हलले असतील, बायकांनी गाणी म्हटली असतील. व्यवहाराची नोंद तांब्यावर झाली. गाण्यांची कोठेच झाली नाही. कोणत्या गोष्टी लिहून ठेवण्याजोग्या आहेत, हे ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी ठरविले. एन्हेदुआन्ना आणि महदाइसा यांचे महत्त्व कळण्यासाठी ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे.

ऊरची राजकन्या

आपल्या बंदरांना बसऱ्याचे नाव अपरिचित नाही. बसऱ्याचे मोती आणि बसऱ्याचा खजूर हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात असत. या बसऱ्याहून वायव्येकडे गेले की नासिरिया हे शहर लागते आणि त्याच्या जवळ प्राचीन ऊर शहराचे अवशेष आहेत. १९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वूली या इंग्रज संशोधकाच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांनी मिळून ते काम हाती घेतले होते.

या उत्खननात १९२७ साली एक गोल पांढरा दगड फुटलेल्या अवस्थेत मिळाला. आकाराने तो एखाद्या मोठ्या ताटलीएवढा, सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचा. त्याच्या एका बाजूवर पूजाविधीचे दृश्य कोरलेले आहे. त्यात घोळदार झालरींचा पोशाख केलेली एक स्त्री इतरांपेक्षा उठून दिसते. दगडाच्या मागच्या बाजूवर लेख आहे. त्यात तिचे नाव एन्हेदुआन्ना असून ती सारगोन राजाची मुलगी असल्याचे म्हटले आहे. हा दगड आज अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील संग्रहालयात आहे.

अक्कदचा सारगोन हा इसवी सनापूर्वी सुमारे २३०० च्या आसपासचा राजा. दजला आणि फरात या नद्यांच्या प्रदेशातील निरनिराळी नगरे जिंकून त्याने एकछत्री राज्य उभारले. दक्षिणेकडील लोकांची भाषा सुमेरी, तर सारगोनची अक्कदी. जिंकलेल्या लोकांची मने राखायची तर त्यांच्या देवस्थानांचा मान राखला पाहिजे, हे त्याने ओळखले. ऊर येथे चंद्रदेव नन्ना याचे मोठे मंदिर होते. त्याच्या मुख्य पुजारिणीच्या पदावर सारगोनने आपल्या मुलीची नेमणूक केली. ‘एन्हेदुआन्ना’ हे तिचे पदावर आल्यानंतरचे नाव असावे. ‘एन’ म्हणजे मुख्य पुजारी. आकाशाचे भूषण असलेली पुजारीण, असा त्या नावाचा अर्थ सांगतात.

हे पद केवळ पूजा-अर्चा करण्याचे नव्हते. मंदिराच्या जमिनी, धान्य, कळप, कारागीर असा मोठा कारभार त्यामागे असे. तिच्या हाताखालच्या माणसांच्या मुद्रा उत्खननात मिळाल्या आहेत. त्यांतील एक मुद्रा तिची केशरचना करणाऱ्या सेवकाची आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या सेवकाचे नाव उरावे, याचे आपल्याला नवल वाटते. पण जेथे लिहिण्याची चाल रुजलेली असते तेथे असे घडते.

तिच्या नावावर असलेल्या रचनांत दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे निरनिराळ्या नगरांतील मंदिरांवरची ४२ स्तोत्रे. दुसरी इनन्ना देवीची दीडशेहून अधिक ओळींची स्तुती. या दुसऱ्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की जी त्या काळी अपूर्वच म्हटली पाहिजे. लुगल-अने नावाच्या बंडखोराने तिला पदावरून दूर करून ऊरबाहेर घालविले, तेव्हा तिच्यावर कोसळलेले दुःख तिने स्वतःच्या नावानिशी सांगितले आहे. जिची आयुष्यभर सेवा केली तो चंद्रदेव आपले गाऱ्हाणे ऐकत नाही, म्हणून ती इनन्नेला हाक मारते. आपली रचना रात्री कशी सुचली, हे सांगताना ती प्रसूतीची उपमा देते. ही उपमा पुरुषाला सुचली असती का, याचा विचार वाचकांनीच करावा. रचनेच्या शेवटी तिला तिचे स्थान परत मिळाल्याचे सूचित होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तिच्या हातच्या मूळ मातीच्या पाट्या आज उपलब्ध नाहीत. ज्या प्रती मिळतात त्या तिच्यानंतर सुमारे पाच शतकांनी, निप्पूर, ऊर वगैरे ठिकाणच्या लेखनशाळांतील विद्यार्थ्यांनी उतरून काढलेल्या आहेत. म्हणून या रचना खरोखर तिच्याच की तिच्या नावावर पुढे कोणी रचल्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. परंतु दोन गोष्टी निर्विवाद आहेत. एन्हेदुआन्ना ही खरीखुरी स्त्री होती, हे त्या गोल दगडाने सिद्ध झाले. आणि तिच्यानंतर पाचशे वर्षांनीसुद्धा शाळेतील मुले तिच्या नावाची कविता गिरवीत होती. तिचे शब्द टिकले ते राजवाड्यामुळे नव्हे. सारगोनचे राज्य लयाला गेले, त्याची राजधानी नेमकी कोठे होती हे आजही कोणाला खात्रीने सांगता येत नाही. शब्द टिकले ते शाळेतील मुलांच्या पाटीमुळे.

याच भूमीत, पुष्कळ शतकांनंतर, बसरा शहरी हजरत राबिया होऊन गेल्या. इसवी सन ८०१ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. नरकाच्या भीतीने नव्हे आणि स्वर्गाच्या आशेनेही नव्हे, तर केवळ ईश्वरप्रेमाने उपासना करावी, हा त्यांचा उपदेश साऱ्या जगात पोचला. पण त्यांनी स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ नाही. त्यांच्या नावावरची वचने आणि कविता इतरांनी, बऱ्याच काळानंतर, लिहून ठेवल्या. फरीदुद्दीन अत्तार यांच्या सुप्रसिद्ध संतचरित्रात त्यांना मानाचे स्थान मिळाले आहे. बाई कितीही मोठी असो, तिचे बोलणे कोणी तरी टिपून घ्यावे लागते, हेच येथेही दिसते.

विचारणारी महदाइसा

आता आपण आपल्या महाराष्ट्रात येऊ. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. विद्या संस्कृतात, आणि संस्कृत मूठभर पुरुषांकडे. अशा काळात श्रीचक्रधरांनी महानुभाव पंथ स्थापन केला. ते मूळचे गुजरातकडचे, असे परंपरा सांगते. पण त्यांनी उपदेश केला तो मराठीत, गावोगाव हिंडून, साध्या दृष्टान्तांतून. त्यांच्याकडे स्त्रियांना आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांना संन्यासाचा दरवाजा मोकळा होता. विटाळ-चांडाळाची कल्पना त्यांनी मानली नाही.

महदाइसा ही त्यांच्या शिष्यांपैकी एक. ती बालविधवा होती. त्या काळी विधवा मुलीच्या वाट्याला काय येत असे, हे वेगळे सांगायला नको. मांडवात तिने पुढे यायचे नाही, शुभकार्यात तिचा शब्द नाही. धर्माची ओढ तिला आधी रामदेव ऊर्फ दादोस यांच्याकडे आणि नंतर चक्रधरांकडे घेऊन आली. चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य हे तिच्या नात्यातले होते.

म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली रचलेल्या लीळाचरित्रात महदाइसा आपल्याला वारंवार भेटते, आणि बहुतेक वेळा ती काही तरी विचारीत असते. हे असे का? त्याचा अर्थ काय? अमुक ठिकाणी असे सांगितले, तमुक ठिकाणी तसे. मग खरे कोणते? गुरू रागावतील, लोक हसतील, अशी भीती तिला नाही. तिच्या प्रश्नांमुळे पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला आणि तो ग्रंथात आला. ‘म्हातारी’ म्हणून तिचा उल्लेख करताना तिच्या जिज्ञासेची आणि चर्चा करण्याच्या वृत्तीची पंथात वाखाणणी झाली. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘फार बोलते’ म्हणून गप्प बसविणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. प्रश्न विचारणारा नसेल तर जाणत्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच जाते.

नागदेवाचार्यांची एक आठवण स्मृतिस्थळ या ग्रंथात आहे. पंथातील केशिराज हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी संस्कृतात रचना करण्याचे मनात आणले, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडविले. त्याचे कारण त्यांनी असे सांगितले की, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. थांबून विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे. कोणती भाषा लिहायची हे ठरविताना, पंडितांना काय आवडेल याचा विचार झाला नाही. घरातील आणि मठातील म्हाताऱ्यांना काय समजेल याचा झाला. मराठीतील आरंभीच्या गद्याचा एवढा मोठा साठा आज आपल्यापाशी आहे, त्यामागे या म्हाताऱ्यांचा वाटा आहे.

लग्नमांडवातले धवळे

चक्रधरांच्या पश्चात त्यांचे शिष्य अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभू हे चक्रधरांचे गुरू. त्यांचे वागणे लहान मुलासारखे; कधी हसावे, कधी रुसावे, कधी वाटेल तो हट्ट धरावा. एकदा त्यांना लग्नाची लहर आली. भक्तांनी तीही हौस पुरविण्याचे ठरविले. लग्न म्हटले म्हणजे गाणी हवीत. गाणी म्हणायला महदाइसेला सांगण्यात आले आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी तेथल्या तेथे रचून म्हटली. हा प्रसंग १२८६-८७ च्या सुमाराचा. ही गाणी म्हणजेच ‘धवळे’. पूर्वार्ध या प्रसंगी झाला. उत्तरार्ध तिने पुढे रचला. मराठीची आद्य कवयित्री हा मान अभ्यासक तिला देतात तो या धवळ्यांमुळे.

‘धवळा’ म्हणजे लग्नात नवऱ्या मुलावर म्हणायचे गाणे. हा प्रकार महदाइसेने नव्याने काढला असे नव्हे. तो बायकांच्या तोंडी आधीपासून असणारच. मोठे काव्य करायचे म्हणून तिने संस्कृत वृत्ते शोधली नाहीत; आपल्या आया-मावश्या मांडवात जे म्हणत तेच हाती घेतले आणि त्यात एक सबंध कथा भरली.

कथा रुक्मिणीची. ती विदर्भाची राजकन्या. तिचे कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यातच दाखवितात. म्हणजे महदाइसा आपल्याच मुलखातल्या मुलीची गोष्ट सांगत होती. रुक्मिणीच्या भावाने तिचे लग्न तिच्या मनाविरुद्ध शिशुपालाशी ठरविले. तेव्हा तिने एका ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला निरोप धाडला आणि आपल्या मनातले सांगितले. विधवेला मांडवात मान नाही अशा काळात एका विधवेने मांडवातील गाणी रचावीत, आणि ती अशा मुलीविषयी रचावीत की जिने आपला विचार स्वतः कळविला, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

महदाइसेची दुसरी रचना ‘मातृकी रुक्मिणी स्वयंवर’ ही होय. मातृका म्हणजे वर्णमाला. यातील ओव्या वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात. आपण लहान मुलांना मुळाक्षरे शिकविण्यासाठी गाणी करतो, त्याची येथे आठवण होते. या बाईला अक्षरांविषयी किती प्रेम असेल, हे या एका रचनेवरून ओळखावे.

ग्रंथ कसा राहिला

गाणी झाली; पण ती सातशे वर्षे राहिली कशी? याची हकीकत गाण्यांइतकीच बोधप्रद आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिताना ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते, ऐकले होते, अशा माणसांना गाठून प्रत्येकाची आठवण विचारून घेतली. त्यांत बायकाही होत्या. एकाच प्रसंगाविषयी दोघांनी वेगळे सांगितले तर दोन्ही प्रकार नोंदविले. आजच्या संशोधकानेही गिरवावा असा हा धडा आहे.

पुढे राजकीय धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ते पाठ होते त्यांच्याकडून ते पुन्हा लिहून काढण्यात आले. या कामी हिराइसा नावाच्या बाईची स्मरणशक्ती उपयोगी पडली, असे सांगतात. पुरुषाने लिहिलेला ग्रंथ हरवला आणि बाईच्या आठवणीतून तो परत आला!

यानंतर पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिण्यास सुरुवात केली. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजायचे, अशी ती युक्ती. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या लोकांना वाचता येईनासे झाले. महदाइसेचे नाव मराठी माणूस जवळजवळ विसरून गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि हे दालन उघडले. त्यानंतर अनेक अभ्यासकांनी पोथ्या जमवून, पाठ ताडून हे वाङ्मय छापले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली जगासमोर ठेवले. २०२४ साली याच रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जेथे एका म्हाताऱ्या विधवेने लग्नाची गाणी रचली, त्या गावी भाषेचे विद्यापीठ उभे राहावे, हे उचितच झाले.

दोघींत साम्य काय?

एक राजकन्या, तर दुसरी विधवा. एकीच्या मागे सैन्य होते. दुसरीच्या मागे कोणी नव्हते. एकीला पदावरून घालविण्यात आले तेव्हा तिने आपले दुःख देवीला सांगितले. दुसरीने आपल्या दुःखाविषयी गाणे केले नाही, दुसऱ्या मुलीच्या लग्नाचे केले. दोघींमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांचे अंतर.

तरीही दोन गोष्टी सारख्या आहेत. पहिली, दोघींना धर्माच्या क्षेत्रात बोलण्याची मोकळीक मिळाली. एरवी बाईचे बोलणे उंबऱ्याच्या आत राहिले असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोघींच्या पाठीमागे लिहिणारी माणसे होती. तिकडे लेखनशाळेतील मुले, इकडे म्हाइंभटांसारखे टिपून घेणारे आणि हिराइसेसारखे स्मरणात ठेवणारे. प्रतिभा या दोघींनाच होती आणि बाकीच्या हजारोंना नव्हती, असे मानण्याचे काही कारण नाही. फरक पडला तो नोंदीचा.

याचा पुरावा आपल्याला अगदी अलीकडेही मिळतो. शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित असलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) या जळगावकडच्या शेतकरी बाई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जाते ओढताना त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. सोपानदेवांना शाळेत घातले नसते, किंवा शिकल्यावर आईच्या बोलण्याची त्यांना लाज वाटली असती, तर महाराष्ट्र एका थोर कवयित्रीला मुकला असता आणि आपण काय गमावले हे कोणाला कळलेही नसते.

आपल्या घरातील गाणी

पालकहो, आता आपण आपल्या घराकडे पाहू. आपल्या कोकणी मुस्लिम समाजातही हळद, मेंदी, लग्न या प्रसंगी बायका गाणी म्हणत आल्या आहेत. ती आपल्या बोलीत आहेत, आपल्या खाडीची आणि बागायतीची आहेत. ती कोणी रचली? कोणाच्याही नावावर नाहीत. ‘जुनी आहेत’, एवढेच उत्तर मिळते. पण गाणे आभाळातून पडत नाही. प्रत्येक गाणे पहिल्यांदा कोणत्या तरी एका बाईने म्हटले असणार. तिला मुले असतील, चूल असेल, परमुलखात गेलेला धनी असेल. तिचे नाव कोणी विचारले नाही आणि लिहिले नाही.

आज मांडवात ध्वनिवर्धकावर सिनेमाची गाणी लागतात. हौसेला कोणी नाव ठेवू नये. पण ज्या नानी-दादींना ती जुनी गाणी येतात त्या वयोवृद्ध झाल्या आहेत. एकेक म्हातारी जाते तेव्हा तिच्याबरोबर एकेक पोथी जाते. ती पोथी सांकेतिक लिपीतही उरत नाही, की पुढे कोणी राजवाडे येऊन तिचा उलगडा करतील.

विद्यार्थी मित्रांनो आणि भगिनींनो, हे काम तुम्हीच करू शकता. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. एक वही घ्या. सुट्टीत नानीजवळ, शेजारच्या खालाजवळ बसा आणि गाणे सांगा म्हणा. ते जसे सांगतील तसेच, त्यांच्याच बोलीत लिहा. शाळेतल्या मराठीप्रमाणे शुद्ध करायला जाऊ नका. कळले नाही तो शब्द विचारा. हे गाणे केव्हा म्हणतात, कोणाकडून शिकलात, तुमचे माहेर कोणते, हे विचारा. दोघींनी वेगळे सांगितले तर म्हाइंभटांप्रमाणे दोन्ही लिहा. मोबाईलवर आवाज भरून घेता येतो, तोही घ्यावा. पण सांगणारीचे नाव, गाव आणि तारीख वहीत लिहिल्याशिवाय तो आवाज कोणाचा हे उद्या तुमच्या मुलांना कळणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर सांगणारीचे नाव आधी आणि आपले नाव नंतर लिहावे.

पालकांना एकच विनंती आहे. मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना आपण नोकरी, लग्न, खर्च यांचा हिशेब करतो. तो करावाच लागतो. पण त्या हिशेबात आणखी एक रकाना असावा. शिकलेली मुलगी ही घरातील पहिली अशी व्यक्ती असते की जिच्यापुढे आजी मनमोकळेपणाने बोलते आणि जिला ते लिहूनही ठेवता येते. नातू बाहेर असतो. नात आजीजवळ बसते. तिची शाळा मध्येच बंद केली तर एका मुलीचे नुकसान होतेच, शिवाय तिच्या आधीच्या दोन पिढ्यांच्या बायका मुक्या राहतात.

ऊरच्या मातीतून वर आलेल्या त्या फुटक्या दगडावरील नाव आज जगभर वाचले जाते. रिद्धपूरच्या म्हातारीचे नाव मराठीच्या प्रत्येक इतिहासात येते. दिवेआगरच्या ताम्रपटाला जवळजवळ एक हजार वर्षे होत आली. आपल्या तालुक्यात अक्षर आले त्याला एवढा काळ लोटला. त्या अक्षरांत आपल्या आज्यांची नावे यायला आणखी उशीर होऊ नये.